माणसं एकेक हुशार, तरी टीम का अडते? वेगवेगळ्या क्षेत्रांतला रिसर्च काय सांगतो

मैत्रेयी७

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. लांबलंय, सवडीने वाचा.

आमच्या एका संशोधन प्रकल्पात आम्ही सहा जण आहोत, दोन डॉक्टर, एक स्टॅटिस्टिक्सवाली, सेन्सर बनवणारा एक इंजिनियर, मी, आणि डेटा सांभाळणारा एक नवीन ज्युनियर मुलगा. सगळे आपापल्या कामात पक्के. आणि तरी आठ महिने झाले, गाडी जागची हलत नाहीये. दोन ठिकाणांहून येणारी मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत यावर प्रत्येकाचं मत वेगळं. मीटिंगमधे सगळे माना डोलावतात आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी मला वाटायचं की माणसंच बदलावी लागणार. मग टीम या विषयावर झालेला रिसर्च वाचायला घेतला आणि लक्षात आलं की हा प्रश्न काही एकट्या मानसशास्त्रवाल्यांचा नाही, शेतीवाले, विमानवाले, ऑपरेशन थिएटरवाले, अर्थशास्त्रज्ञ, सगळे आपापल्या वाटेने इथेच येऊन पोचलेत.

सुरुवात झाली ती चक्क दोरी ओढण्यातून. मॅक्स रिंगेलमन हे फ्रेंच शेतकी इंजिनियर, घोडे, बैल, माणसं आणि यंत्रं यांच्यात ओढण्याचं काम कोण किती करतं ते मोजत होते. प्रयोग १८८० च्या दशकातले, छापून आले १९१३ मधे. एकट्या माणसाचा जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ वर येतो, तिघांत ८५ वर, आणि आठ जण झाले की ४९. म्हणजे आठ माणसं लावायची आणि काम मिळणार चौघांचं! रिंगेलमनना वाटलं मुख्य कारण ताळमेळ, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. पण १९७४ मधे इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोरीला सगळ्यात पुढे उभं केलं आणि मागचे लोक नुसतं ओढल्याचं नाटक करत राहिले. आता ताळमेळाचा प्रश्नच नाही कारण ओढणारा एकटाच, तरी त्याचा जोर कमी झाला. पुढे १९७९ मधे बिब लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी ओरडण्याचा आणि टाळ्यांचा प्रयोग केला. आपल्यासोबत अजून पाच जण ओरडतायत असं वाटलं की माणूस एकटा असताना ओरडतो त्याच्या ७४ टक्केच ओरडतो.

याला ते सोशल लोफिंग म्हणतात. आपल्याकडे अंग चोरणं हा शब्द आहेच, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. अंगचोर म्हटलं की आपण माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो, आणि या प्रयोगांत तोच माणूस एकटा असताना जीव तोडून ओढतो. त्याच लोकांनी १९८१ मधे अजून एक केलं, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, आणि अंग चोरणं बंद. माणसं तीच, फक्त मांडणी बदलली.

तुमच्या क्षेत्रांत काय दिसतं ते वाचायला मला मनापासून आवडेल. विशेषतः मांडणी बदलून फरक पडल्याचं कुणी जवळून पाहिलं असेल तर नक्की लिहा.

---

कोडकरी

मस्त धागा. सॉफ्टवेअरमधे हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टला अजून माणसं लावली की तो अजून उशिरा होतो. त्यांनी आयबीएममधे ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं त्यामुळे हे अनुभवाचे बोल. कारण साधं गणित आहे, सहा जणांत बोलण्याच्या जोड्या १५ होतात आणि बारा जणांत ६६, माणसं दुप्पट पण जोड्या चौपटीच्या वर. आणि नव्या माणसाला शिकवणार कोण, तर जो आधीच कामाने दबलाय तोच.

पण तुमच्या सहा जणांच्या टीमला हे लागू होत नाही असं वाटतं, १५ जोड्या काही फार नाहीत. तुमचं घोडं दुसरीकडे अडलंय.

---

निद्रादेवी

मैत्रेयीताई, विषय अगदी जिव्हाळ्याचा काढलात. मी भूलतज्ज्ञ आहे, रोज टीममधेच जगते.

आमच्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट. एकूण १९ मुद्दे आणि तीन थांबे, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली, निकाल २००९ मधे आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. एवढा फरक एका कागदाने कसा पडतो असं लोक विचारतात. त्यात अँटिबायोटिक वेळेवर दिलं का वगैरे आहेच, पण एक मुद्दा असा आहे की चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. पण मास्क आणि टोपीतून नुसते डोळे दिसत असतात, सर्जनला नव्या सिस्टरचं नावसुद्धा ठाऊक नसतं, आणि एकदा तिने स्वतःचं नाव त्या खोलीत उच्चारलं की पुढे स्वॅब (रक्त टिपायचा कापडी बोळा) मोजताना एक कमी भरला तर ती 'सर, थांबा' म्हणू शकते. मी हे स्वतः पाहिलंय. आवाज थरथरत होता तिचा, पण बोलली, आणि स्वॅब सापडला.

आता दुसरी बाजूपण सांगते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत चेकलिस्ट लागू केली, २०१४ मधे निकाल छापला, मृत्यू किंवा गुंतागुंतीत म्हणावा असा फरक नाही. कागद तोच! मी पूर्वी एका ठिकाणी होते, तिथे सकाळी पहिल्या केसच्या आधीच दिवसभराचे कागद टिक करून ठेवलेले असत. तेव्हा मी नवीन होते आणि काही बोलले नाही, ते अजून खुपतं.

अजून एक अभ्यास, २००६ चा, हकमन आणि पिसानो यांचा. बायपास करणारे सर्जन जे एकाहून जास्त हॉस्पिटलांत ऑपरेशन करतात त्यांच्यावर. एका हॉस्पिटलात त्यांच्या केसेस वाढल्या की तिथले निकाल सुधारतात, पण तोच सर्जन दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की ती सुधारणा बरोबर जात नाही. हात तेच आहेत ना? मग जे तयार होतं ते हातांच्या बाहेर, त्या खोलीतल्या माणसांच्या मधे कुठेतरी असतं. मला हा पेपर वाचून फार हायसं वाटलं होतं, कारण ज्या सिस्टरबरोबर दहा वर्षं काम केलं तिच्याशिवाय माझी गती निम्मी होते हे मी कुणाला पटवून देऊ शकत नव्हते.

---

नवशिका

खूप छान माहिती. आम्हाला कोर्सला टकमन यांचं मॉडेल आहे, आधी टीम जमते मग भांडते मग नियम ठरतात मग काम करते. प्रत्येक टीम याच क्रमाने जाते का? मैत्रेयीताईंची टीम भांडणाच्या पायरीवर असेल का?

---

मनकवडी

@नवशिका, टकमन यांनी १९६५ मधे ते मांडलं ते आधीच छापून आलेल्या पन्नासेक लेखांवरून, आणि त्यातले बरेचसे थेरपी ग्रुपवरचे होते. ऑफिसातल्या किंवा लॅबमधल्या कामाच्या टीम त्यात कमीच. म्हणून ते टाकाऊ असं नाही, पण प्रत्येक टीमवर तो साचा बसवायला जाऊ नका.

कोनी गर्सिक यांनी १९८८ मधे आठ टीम पहिल्या मीटिंगपासून शेवटच्या मीटिंगपर्यंत बसून पाहिल्या. काहींची मुदत काही दिवसांची, काहींची काही महिन्यांची. पायऱ्या वगैरे काही दिसल्या नाहीत. दिसलं ते असं की पहिल्याच मीटिंगमधे टीम एक रीत धरते आणि तीच चालवत राहते, आणि मुदतीच्या बरोब्बर मध्यावर एकदम खडबडून जागी होते, जुनं टाकते, बाहेरच्या लोकांना विचारते, नवी रीत धरते. मुदत कितीही असो, जाग येते ती मध्यावर. मैत्रेयी, तुमच्या प्रकल्पाची मुदत किती आहे? मुदतच धड ठरलेली नसेल तर मध्य येणारच नाही कधी.

---

मैत्रेयी७

मनकवडी, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मुदत दोनदा वाढवून घेतलीय आम्ही. मध्य कुठला हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

निद्रादेवी, त्या सिस्टरचं वाचून अंगावर काटा आला.

---

गगनभरारी

ऑपरेशन थिएटरवाल्यांनी ही चेकलिस्टची कल्पना आमच्याकडून घेतली असं म्हणतात ते बरंचसं खरं आहे, पण आमच्या क्षेत्राला हे शहाणपण फार महागात पडलंय.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन ७४७ जातीची प्रवासी विमानं, एक केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅनअॅम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमच्या विमानाने परवानगी न मिळताच धाव घेतली. त्या क्षणी मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलंय, पॅनअॅमचं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नाहीये का म्हणून. कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनियर गप्प बसला. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली, विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात एवढी कधीच नाहीत. कॅप्टन कंपनीचे नावाजलेले प्रशिक्षक होते. शंका आली होती, बरोबर होती, बोलूनही दाखवली होती, फक्त प्रश्नाच्या सुरात.

पुढच्याच वर्षी डिसेंबरमधे युनायटेडचं १७३ नंबरचं विमान पोर्टलंडजवळ चाकांच्या बिघाडाचा विचार करत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं, १० जण गेले. इंधन कमी होतंय हे इतरांनी सांगितलं होतं, पण जेवढं जोरात सांगायला हवं तेवढं नाही. १९७९ मधे नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून सीआरएम म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट सुरू झालं. त्यात उडवायला शिकवत नाहीत, बोलायला शिकवतात. ज्युनियरने शंका कशी मांडायची, ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा कशी, आणि कॅप्टनने ती ऐकून घेतल्याचं कसं दाखवायचं.

त्याचा उपयोग कुठे दिसला तर १९ जुलै १९८९, युनायटेड २३२. मागचं इंजिन फुटून तिन्ही हायड्रॉलिक गेल्या, म्हणजे विमान वळवायला किंवा खालीवर करायला काहीच हातात नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमधे बोलावलं, तो दोन सीटांच्या मधे गुडघ्यांवर बसून दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमीजास्त करायचे दांडे, पुढेमागे करत राहिला आणि नुसत्या त्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की पूर्वीची 'कॅप्टन म्हणेल ते' पद्धत असती तर हे जमलं नसतं.

आणि निद्रादेवींच्या सर्जनवाल्या मुद्द्याला जोड, अमेरिकेतल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९४ मधे काही अपघात तपासले, त्यांत कॅप्टन आणि को-पायलट कधीपासून बरोबर उडत होते हे माहीत होतं. ७३ टक्के अपघात त्या जोडीच्या पहिल्याच दिवशीचे, आणि ४४ टक्के पहिल्याच उड्डाणातले. एकेकटे दोघंही अनुभवी असतात, त्यांची जोडी नवीन असते.

---

आकडेमोड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, तळमळ पोचली, पण थोडा ब्रेक लावतो.

७३ टक्के हा आकडा ऐकायला भारी आहे, पण एकूण उड्डाणांपैकी किती उड्डाणं पहिल्या दिवशीच्या जोड्यांची असतात ते कळल्याशिवाय त्याचा पूर्ण अर्थ लागत नाही. आणि चेकलिस्टचा २००९ चा अभ्यास आधी आणि नंतर अशी तुलना करणारा होता, चेकलिस्ट न दिलेली हॉस्पिटलं शेजारी ठेवलेली नव्हती.

दुसरं म्हणजे सामूहिक बुद्धिमत्ता. इथे कुणीतरी आणणारच म्हणून मीच लिहितो. अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा पेपर, ६९९ माणसं, दोन ते पाच जणांचे ग्रुप. त्यांचं म्हणणं, जसा एका माणसाचा बुद्ध्यांक तसा ग्रुपचाही एक असतो, आणि तो ग्रुपमधल्या सगळ्यात हुशार माणसावरून फारसा ठरत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं ओळखण्याची क्षमता आणि बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळणं यावरून जास्त ठरतो. छान वाटतं ऐकायला. २०१७ मधे बेट्स आणि गुप्ता यांनी पुन्हा करून पाहिलं, त्यांना दिसलं की ग्रुपची कामगिरी जवळपास सगळी माणसांच्या वैयक्तिक बुद्ध्यांकातूनच येते. २०२१ मधे मूळ गटाच्या लोकांनी २२ अभ्यास, १३५६ ग्रुप एकत्र करून पुन्हा आपलीच बाजू मांडली. म्हणजे वाद चालू आहे आणि कॉर्पोरेट ट्रेनिंगमधे मात्र हे दगडावरची रेघ म्हणून शिकवतात.

मला टीमवर्कचं वावडं नाही. पण माणसं महत्त्वाची नाहीत, मांडणीच सगळं, हे मला पटत नाही. कच्चा सर्जन असेल तर नावं सांगून काय होणार?

---

झाडपाला

@आकडेमोड, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण चांगलं माणूस ओळखायचं कसं हाच प्रश्न कठीण आहे असं माझं म्हणणं. यावर प्राणीशास्त्रातलं एक उदाहरण देतो, ते मी कित्येक वर्षं विसरू शकलेलो नाही.

परड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर कोंबड्यांवर काम करायचे. अंडी वाढवायची तर जास्त अंडी देणारी कोंबडी निवडून तिची पैदास करायची ही नेहमीची रीत. पण कोंबड्या एका पिंजऱ्यात अनेक राहतात, आणि जी जास्त अंडी देते ती पुष्कळदा शेजारणींना टोचून, दाबून स्वतःचं साधून घेत असते. म्हणजे तुम्ही निवडताय ती उत्पादक कोंबडी असं तुम्हाला वाटतं आणि प्रत्यक्षात निवडली जाते दांडगी कोंबडी. म्यूर यांनी निवड एकेका कोंबडीची न करता अख्ख्या पिंजऱ्याची केली, ज्या पिंजऱ्याचं एकूण बरं तो पूर्ण पिंजरा पुढच्या पिढीला. १९९६ मधे छापलेले आकडे असे, दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. आणि चोची न कापता! एकेकटी कोंबडी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली तरी साधारण तेवढ्याच मरतात, म्हणजे एकत्र राहण्याचा जाच जवळपास संपलाच.

माणसं म्हणजे कोंबड्या नव्हेत हे मान्य. पण आपण संशोधनात सुद्धा माणूस निवडतो तो त्याच्या नावावर किती पेपर आहेत ते बघून, आणि ते पेपर निघताना आजूबाजूच्या चार जणांचं काय झालं हे कुणी बघत नाही. माझ्या एका जुन्या लॅबमधे एक अतिशय नावाजलेला सहकारी होता आणि त्याच्या आजूबाजूला दोन वर्षांत तीन विद्यार्थी पीएचडी अर्धवट सोडून गेले. त्याच्या बायोडेटात ते कुठेच दिसत नाही.

---

आकडेमोड

झाडपाला, हे पटलं. मोजायचं कशाला हे चुकलं तर निवड चुकते, हा मुद्दा मी माझ्याकडे लिहून ठेवतो.

खेळातला एक अभ्यास याला धरून आहे, २०१४ चा, स्वाब आणि सहकाऱ्यांचा. फुटबॉल आणि बास्केटबॉलमधे एका मर्यादेपलीकडे स्टार खेळाडू वाढवले की संघाचा खेळ खालावतो, बेसबॉलमधे तसं दिसत नाही. कारण बेसबॉलमधे प्रत्येकाचं काम बरंच सुटं सुटं असतं. म्हणजे आधी विचारायला हवं की काम किती एकमेकांत गुंतलेलं आहे.

---

चारतारा

मी चौघांच्या वाद्यवृंदात वाजवते, स्ट्रिंग क्वार्टेटमधे, सेकंड व्हायोलिन. तुम्ही सगळे मोकळेपणाने बोला बोला म्हणताय म्हणून लिहावंसं वाटलं.

मर्निगन आणि कॉनलन यांनी १९९१ मधे ब्रिटनमधल्या २० क्वार्टेटचा अभ्यास छापला. चौघांत हक्क सारखे, पण सूर धरणारी फर्स्ट व्हायोलिन, आणि सेकंड व्हायोलिनला जवळपास तेवढीच तयारी लागते पण तिचं वाजवणं बहुतेक वेळा फर्स्टला उठाव देण्यासाठी. या पेचांवर यशस्वी क्वार्टेट चर्चा करत बसत नाहीत असं त्यांना आढळलं! त्यांच्या सरावात वाजवणं जास्त आणि बोलणं कमी. मतभेद झाला की ताणत नाहीत, थोडा वेळ सोडून देतात. आणि सेकंडची कदर उघडपणे करतात. जे क्वार्टेट मागे पडले तिथे हेच होत नव्हतं.

माझा अनुभव तंतोतंत हाच. एका संथ भागात एका स्वरावर किती थांबायचं यावरून आमचं तीन आठवडे अडलं होतं, फर्स्टला लांब हवा होता, चेलोवाल्याला नको. शेवटी चेलोवाला म्हणाला दोन्हींनी वाजवून बघू, आणि वाजवताना तो स्वतःच तिच्यासाठी थांबला, धनुष्य तारेवरच टेकवून, श्वास रोखून. कुणी काही बोललं नाही. ते तसंच राहिलं.

म्हणजे बोलता आलं पाहिजे हे खरंच, पण प्रत्येक गोष्ट बोलूनच सुटते असं नाही. आमच्याकडे रोज चार तास एकमेकांचा श्वास ऐकलेला असतो, त्यावर ते चालतं.

---

निद्रादेवी

चारतारा, किती सुंदर लिहिलंत. आमच्याकडेसुद्धा जुन्या टीममधे हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात पडतं, शब्द लागत नाही.

तरी बोलण्याच्या बाजूने एक राहिलं. एमी एडमंडसन विद्यार्थिनी असताना हॉस्पिटलातल्या औषधांच्या चुका मोजत होत्या, पेपर १९९६ चा. त्यांना वाटलं होतं जिथे टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका घडत जास्त नव्हत्या, लोक त्या लपवत नव्हते. जिथे हेड नर्सचा धाक तिथे कागद स्वच्छ. त्यातूनच पुढे १९९९ मधे त्यांनी ५१ टीमचा अभ्यास करून सायकॉलॉजिकल सेफ्टी ही कल्पना मांडली, म्हणजे या ग्रुपमधे मी अडाणी प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तर माझी किंमत कमी होणार नाही हा भरवसा.

---

समाईक

अर्थशास्त्रातून एक भर घालतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मधे लिहिलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार, उपाय दोनच, सरकारने ताब्यात घ्या नाहीतर वाटून टाका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जाऊन पाहिलं तर जगभर कितीतरी ठिकाणी लोकांनी शेकडो वर्षं सामायिक पाणी, जंगल, कुरण नीट सांभाळलेलं. नेपाळमधे तर शेतकऱ्यांनी दगड, माती, फांद्या वापरून बांधलेले कालवे सरकारी पक्क्या कालव्यांपेक्षा टोकाच्या शेताला जास्त पाणी पोचवत होते. २००९ मधे त्यांना नोबेल मिळालं, अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांमधे जे आठ गुण शोधले त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शिक्षेचा. नियम मोडला तर पहिल्यांदा शिक्षा अगदी किरकोळ, वाढत जाणारी, आणि लक्ष ठेवणारे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तर देणारे. पहिल्याच चुकीला माणूस हाकलला तर तो परत येत नाही, आणि काहीच केलं नाही तर बाकीचेही हात आखडतात. फेर आणि गेख्टर यांच्या प्रयोगांत हे आकड्यांत दिसतं, चौघांनी सामायिक गल्ल्यात पैसे टाकायचे, शिक्षेची सोय नसेल तर फेरीगणिक गल्ला आटत जातो, आणि स्वतःच्या खिशाला झळ सोसून दुसऱ्याला दंड करता आला तर वाढत जातो. पण २००८ मधे तोच खेळ १६ शहरांत केला तेव्हा काही ठिकाणी लोकांनी जास्त देणाऱ्यालाच दंड केला, आणि तिथे काही सुधारलं नाही. म्हणून नुसता नियम उचलून दुसरीकडे नेला की लागू पडेल असं नाही, ओंटारिओतल्या चेकलिस्टसारखंच.

---

मनकवडी

मैत्रेयी, तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. मला वाटतं तुमच्याकडे कुणी अंग चोरत नाहीये, तुमचं दुखणं वेगळं आहे. स्टासर आणि टायटस, १९८५. चौघांना मिळून एक उमेदवार निवडायचा. सगळ्यांत चांगला उमेदवार आहे, पण त्याचे गुण चौघांत वाटलेले, एकाला एक माहीत, दुसऱ्याला दुसरा, आणि दुसऱ्याच उमेदवाराचे गुण मात्र चौघांनाही माहीत. चौघं बोलायला बसले की बोलतात ते सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच. कारण ते बोललं की बाकीचे माना डोलावतात, आपल्यालाच ठाऊक असलेलं बोललं तर समोर शांतता. २०१२ मधे असे ६५ अभ्यास एकत्र पाहिले तर माहिती अशी वाटली गेलेल्या ग्रुपला बरोबर उत्तर सापडण्याची शक्यता आठ पटीने कमी.

एक करून बघा. पुढच्या मीटिंगला बोलायच्या आधी प्रत्येकाने दहा मिनिटं गप्प बसून कागदावर लिहायचं, मोजमापांबद्दल मला असं काय माहीत आहे जे इतर पाच जणांना बहुतेक माहीत नसेल. मत लिहायचं नाही, माहिती. मग सगळ्यात ज्युनियरचा कागद आधी वाचायचा.

---

मैत्रेयी७

तीन आठवड्यांनी परत येतेय. मनकवडी म्हणाल्या तसं केलं.

दहा मिनिटं खोलीत फक्त पेनांचा आवाज. मग ज्युनियर मुलाचा कागद. चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी, मार्चच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर एका ठिकाणचे सेन्सर स्थानिक वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळ नोंदवतायत, फाइलमधे मी शेरा टाकलाय. इंजिनियर ताडकन उठला आणि लॅपटॉप उघडला. अपडेट त्यानेच केलं होतं, पण त्याने वेळेची नोंद बदलते हे पाहिलंच नव्हतं. आणि स्टॅटिस्टिक्सवालीने दोन्हीकडच्या नोंदी तासाच्या हिशोबाने जोडल्या होत्या, त्यामुळे मार्चपासूनचं सगळं सरकलेलं. डॉक्टरांच्या कागदांवरही दोन गोष्टी निघाल्या ज्या मला माहीत नव्हत्या.

वेळ दुरुस्त केल्यावर बराचसा फरक गेला. सगळा नाही. उरलेल्यावर काम चालू आहे, आणि यावेळी शेवटची तारीख पक्की लिहून घेतलीय.

---

कोडकरी

भारी! पण मग त्या मुलाने इतके महिने सांगितलं का नाही?

---

मैत्रेयी७

सांगितलं होतं. मी जुनी टिपणं काढून पाहिली. एप्रिलच्या मीटिंगच्या टिपणात एक ओळ आहे, 'वेळेच्या नोंदींबद्दल शंका', समोर त्याचं नाव, आणि पुढचा रकाना, काय ठरलं त्याचा, कोरा. ते टिपण मीच लिहिलंय. परवा त्याला बोलावून तो कागद दाखवला आणि माफी मागितली. तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही सगळ्यांनी विचार करून ते सोडून दिलंय.

आता टिपणं तो लिहितो, आणि तो रकाना कोरा असेल तर मीटिंग संपत नाही.